मदतीच्या मैफलीचा हिशेब का मागायचा नाही?

आज सकाळपासून एकच पोस्टर मला चार बाजूंनी आलं. पूरग्रस्तांसाठी गाण्यांचा कार्यक्रम. वर गायकाचा हसरा फोटो, मागे पाण्यात बुडालेली घरं पुसट करून टाकलेली, खाली क्यूआर कोड. मी कोड स्कॅन केला तर नाव आलं एका माणसाचं. संस्था नाही, मदतनिधी नाही, सरळ कुणाचं तरी वैयक्तिक खातं. पैसे कुठे जाणार, कोण वाटणार, याबद्दल पोस्टरवर एक अक्षर नाही. मी खाली अगदी सभ्यपणे विचारलं, "निधी कोणत्या संस्थेला देणार आहात?" उत्तर आलं: "कलाकारांच्या भावनेवर संशय घेऊ नका ताई. जमलं तर मदत करा, नाहीतर शांत बसा." आणि त्या उत्तराला ढीगभर लाइक.

डोकंच फिरलं माझं. शांत बसणार नाही, लिहिणार आहे, आणि लांबलचक लिहिणार आहे.

काही वर्षांपूर्वी भूकंपग्रस्तांसाठीच्या एका कार्यक्रमात मी पेटीवर होते. आम्ही वाजवणाऱ्यांपैकी कुणीही मानधन घेतलं नव्हतं, ते आधीच ठरलं होतं आणि त्याबद्दल तक्रारही नाही. पण साऊंडवाल्या दादांना ऐनवेळी सांगण्यात आलं, "तुम्हीही सेवा समजा." ते दुपारपासून राबत होते. रात्री कार्यक्रम संपल्यावर ते एका कोपऱ्यात केबल गुंडाळत होते, अंगठ्यापासून कोपरापर्यंत वेटोळं घालत, एकटेच. आणि स्टेजच्या मध्यभागी फोटो चालले होते. फ्लेक्सवर छापलेला माणसाएवढा चेक, त्याला धरून उभे असलेले पाहुणे, संयोजक, गायक. फ्लेक्सची कड सारखी आत वळायची, म्हणून फोटो पुन्हा पुन्हा काढावा लागत होता. त्या फ्लेक्सचे पैसे फ्लेक्सवाल्याला रोख मिळाले होते. हॉलचं भाडं गेलं होतं. स्मृतिचिन्हांचे पैसे गेले होते. सेवा फक्त दादांच्या वाट्याला आली होती.

आणि माईकवरून काय जाहीर झालं? "एकही पैसा खर्च न करता हा कार्यक्रम आपण केला."

हे वाक्य मला आजही छळतं. खर्च करण्यात पाप नाही हो. हॉल लागतो, साऊंड लागतो, वीज लागते. आपत्तीच्या ठिकाणी काम करणाऱ्यांनाही ट्रक लागतो, ट्रकला ड्रायव्हर लागतो, कुणाला काय मिळालं याची यादी ठेवणारा माणूस लागतो आणि त्या माणसाला पगार लागतो, कारण त्यालाही घर आहे. "शंभरातले शंभर पैसे थेट गरजूंना" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की मी सावध होते. एक तर त्या माणसाला काम कसं चालतं हे माहीत नसतं, किंवा कुणाच्या तरी पोटावर पाय देऊन त्यानं खर्चाचं शून्य गाठलेलं असतं. खर्च आधी सांगा, लिहून सांगा, मग कुणीही वाईट म्हणणार नाही.

तुम्हा सगळ्यांना गाण्याची ताकद मी वेगळी सांगायला नको. १८३८ च्या मार्चमध्ये डॅन्यूब नदीच्या पुरात हंगेरीतलं पेस्ट शहर (आजच्या बुडापेस्टचा भाग) उद्ध्वस्त झालं, तेव्हा मूळचा हंगेरीचा पियानोवादक फ्रान्झ लिस्ट व्हेनिसमध्ये होता. बातमी कळली तसा तो व्हिएन्नाला गेला आणि पूरग्रस्तांसाठी पियानो वाजवायला बसला. म्हणजे संकटात कलाकारानं धावून जाणं हे काही आजचं नाही. ती ऊर्मी खरी असते. मी तिच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही, मी स्वतः त्याच ऊर्मीनं पेटी उचलून गेले होते.

पण ऊर्मी पुरत नाही. रविशंकर आणि त्यांचा मित्र, बीटल्स बँडमधला जॉर्ज हॅरिसन, यांचंच बघा. नोव्हेंबर १९७० मध्ये भोला चक्रीवादळानं तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात लाखो माणसं गेली, पुढच्या वर्षी युद्ध पेटलं, निर्वासितांचे लोंढे निघाले. रविशंकरांनी मित्राकडे शब्द टाकला आणि १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवशी दोन कार्यक्रम झाले. रविशंकरांची सतार, अली अकबर खाँचा सरोद, अल्लारखांचा तबला, पुढे बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन. आजच्या सगळ्या मदतीच्या मैफली त्या दिवसाच्या लेकी आहेत असं मी मानते. तिकिटांचे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला मिळाले. पण त्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिकांतून आणि चित्रपटातून आलेले त्याहून कितीतरी मोठे पैसे अमेरिकेच्या करखात्याच्या कचाट्यात वर्षानुवर्षं अडकून पडले. कारण काय, तर पैसे घेणाऱ्या संस्थेशी कार्यक्रमाआधी रीतसर व्यवस्था लावून घेतलेली नव्हती. घाईत सगळं उभं केलं होतं, मान्य. हेतूबद्दल तर कुणाच्याही मनात शंका नाही. पण भूक लागलेलं पोर करखात्याचा निकाल लागेपर्यंत थांबत नाही. हॅरिसन आणि रविशंकर यांच्यासारख्यांच्या बाबतीत हे होऊ शकतं, तर आपण कोण लागून गेलो की आपल्याला कागद लागत नाहीत?

आज तर क्यूआर कोड आहे. तो थेट संस्थेच्या खात्याचा लावायला काय जातं? देणाऱ्याचे पैसे मधल्या कुणाच्याही खिशात न जाता पोचतील, पावती त्याच्या नावानं येईल, आणि संयोजकावर बोट उचलायची कुणाची हिंमत होणार नाही. यात कलाकाराचाच बचाव आहे. हे सांगितलं की लोकांना राग येतो, हे मला खरंच कळत नाही.

आमच्या त्या कार्यक्रमाकडे परत येते. दाराशी एक खोकं ठेवलं होतं, वरून चिकटपट्टीनं बंद, मधे ब्लेडनं पाडलेली फट. कार्यक्रम संपल्यावर लोक अक्षरशः रांग लावून उभे राहिले. एका आजोबांनी खिशातून चुरगळलेली नोट काढली, मांडीवर ठेवून तळहातानं सरळ केली, नीट घडी घातली आणि मग फटीत सरकवली. मी बाजूलाच उभी होते. मला भरून आलं. आपल्या वाजवण्यामुळे एक अनोळखी माणूस दुसऱ्या अनोळखी माणसासाठी खिशात हात घालतो, याहून मोठी दाद कलाकाराला काय मिळणार? अशी माणसं जगात आहेत म्हणून तर हे सगळं करावंसं वाटतं. इतक्या जपून दिलेली नोट कुठे गेली हे त्यांना कळायला नको?

खोक्याशेजारी कपड्यांचा ढीग होता. "जुने कपडे आणा" असं आवाहन केलं होतं. त्या ढिगात लग्नाकार्यात घालायचे चमचमते कपडे होते, तुटक्या चेनची जाकिटं होती, लहान मुलाचा एकाच पायाचा बूट होता. घर कोसळलेल्या माणसानं त्या एका बुटाचं काय करायचं? देणाऱ्यांचं मन वाईट नसतं हे मी मान्य करते, पण घरातली अडगळ काढणं म्हणजे दान नव्हे.

आणि हे फक्त कपड्यांचं नाही. ७ डिसेंबर १९८८ ला आर्मेनियात भूकंप झाला. जगभरातून किमान ५,००० टन औषधं येऊन पडली. त्यातली लगेच वापरता येतील अशी होती जेमतेम ३० टक्के. बाकीची वर्गवारी न केलेली, मुदत संपलेली, निरुपयोगी. नेमकं काय काय आलंय हे समजायला ५० माणसं ६ महिने खपत होती. माणसं ढिगाऱ्याखाली गेलेल्या देशात ५० जण खोकी उघडत बसले! याउलट त्याच भूकंपानंतर फ्रान्समध्ये शार्ल अझ्नावूर या गायकानं काय केलं? त्याचे आईवडील आर्मेनियन. त्यानं गायक गोळा केले, गाणं ध्वनिमुद्रित केलं, पैसा उभा केला, आणि तिथेच थांबला नाही. मदतीच्या कामासाठी संस्था उभी केली आणि ती पुढे कित्येक वर्षं आर्मेनियात काम करत राहिली. गाणं काही मिनिटांत संपतं हो, घरं उभी राहायला वर्षं लागतात. कॅमेरे निघून गेल्यावरही त्या माणसाला तो देश आठवत होता.

आपल्याकडे उलट होतं. पहिल्या आठवड्यात जो तो धावतो आणि तिसऱ्या आठवड्यात त्या गावाचं नावही कुणाच्या तोंडी नसतं. पहिल्या आठवड्यात पैसे द्यायचे नाहीत असं मी म्हणत नाहीये, तेव्हा पाणी, औषध, निवारा तातडीनं लागतं. पण शाळा परत उभी राहायची असते, विहिरी उपसायच्या असतात, हरवलेली कागदपत्रं पुन्हा काढायची असतात. त्या कामासाठी कुणी स्टेज बांधत नाही. सहा महिन्यांनी कार्यक्रम करा की! हॉलही रिकामा मिळेल.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर जेमतेम आठवडाभरात मेदसँ साँ फ्रोंतिएर या डॉक्टरांच्या संस्थेनं जाहीर करून टाकलं की त्सुनामीतल्या कामासाठी आमच्याकडे पुरेसे पैसे जमलेत, आता याच नावानं देऊ नका, इतर संकटांसाठी द्या. विचार करा, पैशांचा ओघ चालू असताना "पुरे" म्हणायला केवढा प्रामाणिकपणा लागतो. तेव्हा काही जण त्यांच्यावर नाराज झाले. माझा मात्र त्या दिवसापासून त्यांच्यावर विश्वास बसला. म्हणून मी नेहमी सांगते, संस्था चांगली वाटली तर पैसे अमुकच गावासाठी, अमुकच वस्तूसाठी असं बांधून देऊ नका. जिथे गरज आहे तिथे वापरू द्या त्यांना.

याच संस्थेच्या फ्रेंच शाखेला १९८५ च्या डिसेंबरमध्ये इथिओपियानं देशाबाहेर काढलं होतं. त्याच वर्षी १३ जुलैला लंडन आणि फिलाडेल्फियात लाइव्ह एड झालं होतं, इथिओपियाच्या दुष्काळासाठी अख्खं जग टीव्हीसमोर बसलं होतं. पण तिथे नुसता दुष्काळ नव्हता, यादवी युद्ध होतं, आणि सरकार उत्तरेकडच्या माणसांना जबरदस्तीनं उचलून दक्षिणेत नेऊन टाकत होतं. त्याबद्दल हे डॉक्टर उघड बोलले म्हणून त्यांना हाकललं. गाणाऱ्यांनी गाऊ नये असा याचा अर्थ कुणी काढू नका. त्या गाण्यांनी जगाचं लक्ष तिकडे गेलं, हे मोठंच काम झालं. माझं म्हणणं एवढंच की पैसा देशात पोचला म्हणजे माणसापर्यंत पोचला असं होत नाही, आणि तिथे आधीपासून पाय रोवून असलेली माणसं काय सांगतात ते ऐकावं लागतं.

संस्थाही काही धुतल्या तांदळासारख्या नसतात, माहीत आहे मला. म्हणूनच तर विचारायचं.

मी विचारलं होतं. कार्यक्रमानंतर संयोजकांना फोन केला: जमा किती, खर्च किती, कुणाला दिले? पहिल्यांदा "बघून सांगतो". मग "ताई, चांगल्या कामात हिशेब कसला काढता?" आणि शेवटी काय पाठवलं असेल, तर तोच फ्लेक्सच्या चेकचा फोटो. त्यावरचा आकडा मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तो फ्लेक्स स्टेजवर आला तेव्हा दाराशी ठेवलेल्या खोक्याची चिकटपट्टी निघालेलीसुद्धा नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर ते बंद खोकं होतं. मग तो आकडा छापला कशाच्या जोरावर? आणि त्या आजोबांची नोट कोणत्या आकड्यात धरली? पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण आकडा आधी छापायचा आणि पैसे नंतर मोजायचे, याला मी मदत म्हणू शकत नाही.

छोट्या ग्रुपला सीए परवडत नाही, हेही मला पटतं. पण एका पानाला सीए लागत नाही. जमा इतके, खर्च इतका, संस्थेला दिले इतके, ही त्यांची पावती. ते पान ज्या पोस्टरवरून लोकांना बोलावलं त्याच पोस्टरखाली टाकायचं. संपलं.

तर माझं ठरलंय. यापुढे मदतीच्या कार्यक्रमाला मला कुणी बोलावलं तर मी तीन गोष्टी विचारणार: पैसे कोणत्या संस्थेच्या खात्यात थेट जाणार, साऊंडवाल्याला किती देणार, आणि हिशेबाचं पान कोणत्या तारखेला टाकणार. उत्तरं मिळाली की मानधन नको, प्रवासखर्च नको, लागेल तेवढ्या तालमींना येईन. ज्यांना चालेल त्यांनी इनबॉक्समध्ये तारीख कळवा. ज्यांना हिशेबाचा राग येतो त्यांनी मला विचारू नका. आणि आजच्या त्या पोस्टरवाल्यांनो, माझा प्रश्न अजून तुमच्या पोस्टखाली आहे. कमेंट डिलीट करू नका, उत्तर द्या.