रजा शेठच्या मर्जीवर? मकरपुऱ्यात फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

वडोदऱ्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो चार वेगवेगळ्या लोकांकडून आला आणि चौघांनी खाली एकच लिहिलं होतं, ‘हे खरं ना?’ दांडिया बाजारात बसून मी अशा काही युनिटांची हजेरी आणि पगारपत्रकं सांभाळतो, म्हणून मला विचारतात. मेसेज थोडक्यात असा:

‘नव्या लेबर कोडमुळे भरपगारी रजा आता मालकाच्या मर्जीवर. 240 दिवस भरल्याशिवाय रजा नाही. ठेकेदाराच्या माणसांना तर नाहीच. 31 डिसेंबरला शिल्लक रजा बाद. नोटीस न देता गेला तर रजेचे पैसे जप्त. बाई ठेवली तर सहा महिने फुकट पगार. कामगाराकडून “मला रजा नको” असं लिहून घ्या, विषय संपला.’

पाठवणाऱ्याने 240 चा आकडा कुठून आणला ते मला ठाऊक आहे. 1948 च्या फॅक्टरी कायद्यात तो होता. वर्षात 240 दिवस काम, मग दर 20 दिवसांमागे 1 दिवस रजा. आमच्या पिढीने तो पाठ केलाय. पण 21 नोव्हेंबर 2025 पासून जुने कामगार कायदे एकत्र करणारे चारही लेबर कोड लागू झाले, आणि त्यातल्या सुरक्षा-आरोग्याच्या कोडने ही अट 180 दिवसांवर आणली. म्हणजे मेसेज ‘नव्या कोड’च्या नावाने सुरू होतो आणि दुसऱ्याच वाक्यात जुना कायदा सांगतो. दर मात्र तोच राहिला, 20 ला 1. ज्याचे 200 दिवस भरले त्याला 10, ज्याचे 280 त्याला 14.

इथे हिशेब बहुतेकांचा चुकतो, म्हणून थोडं थांबतो. 180 मोजताना प्रत्यक्ष कामाचे दिवस तर धरायचेच, शिवाय ले-ऑफचे (काम नाही म्हणून मालकाने तात्पुरतं घरी बसवलेले), आधीच्या वर्षी कमावलेली रजा या वर्षी घेतली तिचे आणि बाळंतपणाच्या रजेचे 26 आठवड्यांपर्यंतचे दिवसही धरायचे. या दिवसांवर नवी रजा चढत नाही, पण ते खाडे म्हणूनही लागत नाहीत. समजा पॅकिंगमधली एखादी बाई 26 आठवडे बाळंतपणाच्या रजेवर होती आणि उरलेल्या वर्षात 100 दिवस कामावर आली. 180 ची पायरी ती ओलांडते. रजा मिळते ती 100 दिवसांची, म्हणजे 5. आमच्याकडे अशा नावापुढे सरळ शून्य मांडायची पद्धत आहे.

वर्षाच्या मध्ये लागलेल्याचंही तसंच. 1 जुलैला आलेल्या माणसासाठी वर्षाचे 184 दिवस उरतात. त्याचा चौथा हिस्सा, 46 दिवस, त्याने काम केलं की तो पात्र. डिसेंबरअखेर 140 दिवस भरले तर 7 दिवस रजा त्याच्या खात्यावर. ‘पहिलं वर्ष कोरडं’ हा नियम आपण मनानेच काढलेला.

आता मर्जीचं. कोडमध्ये रजा हा कामगाराचा हक्क म्हणूनच लिहिलाय, आणि तो मोडला तर दंड 2 लाखांपासून 3 लाखांपर्यंत जाऊ शकतो. आपल्याकडे गुजराती कामगार ‘हक रजा’ म्हणतात, ते कायद्याच्या भाषेपेक्षा नेमकं आहे. कधी द्यायची यावर मालक बोलू शकतो. ऑर्डर अडली असेल तर ‘आत्ता नको’ म्हणू शकतो. पण नाही म्हटल्यावर काय होतं ते मेसेजवाल्याला माहीत नसावं. साधारणपणे पुढच्या वर्षात 30 दिवसांपर्यंत रजा ओढता येते. मागितली होती आणि तुम्ही नाकारली, तर त्या रजेला ही मर्यादाच नाही. खात्यात 30 आहेत, शिवाय 6 दिवसांचा अर्ज तुम्ही फेटाळला, की झाले 36. त्यामुळे 31 डिसेंबरला काही बाद होत नाही. उलट वर्षअखेर कामगाराने मागणी केली तर रजेचे पैसे द्यावे लागतात, आणि 30 च्या वरची रजाही तो रोखीत घेऊ शकतो.

दिवाळीचा प्रश्न मेसेजमध्ये नाही, पण मला दरवर्षी विचारतात: धनतेरसपासून लाभपाचमपर्यंत शटर खाली, ते सगळे दिवस हक रजेतून वजा करू का? मध्ये येणारे रविवार आणि सणाच्या सुट्ट्या तरी करू नका. रजेच्या दिवसांत सुट्टी पडली तर ती रजेत मोजायची नाही.

ठेकेदाराच्या माणसांबद्दल लोकांना वाटतं की मस्टरवर नाव नाही म्हणजे माणूसच नाही. जुन्या फॅक्टरी कायद्यातही ‘कामगार’ या शब्दात ठेकेदारामार्फत आलेला माणूस धरलेला होता, अगदी मूळ मालकाला त्याची माहिती नसली तरी. रजेचा हिशेब ठेकेदाराने ठेवायचा, हे खरं. पण त्याने पैसे बुडवले तर माणूस येऊन उभा राहतो तो तुमच्याच गेटवर, आणि कायदाही त्याला तिथूनच आत सोडतो.

सोडून जाणाऱ्याचे पैसे जप्त? राजीनामा दिलेला असो, काढून टाकलेला असो, शिल्लक रजेची रक्कम दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत द्यायची. कामगार वारला तर वारसांना दोन महिन्यांच्या आत. नोटीस दिली नाही हे भांडण वेगळं, ते वेगळं भांडा.

बायकांबद्दलच्या ओळीचा मला सगळ्यात राग आला. पगार 21,000 पर्यंत असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) भरत असाल, तर बाळंतपणाचे 26 आठवडे पैसे ईएसआय देतं, तुम्ही नाही. तुम्ही देता ते पगाराच्या 3.25 टक्के, कामगार 0.75 टक्के, आणि ते पुरुषांसाठीही देताच. पगार त्याहून जास्त असेल तर बोजा मालकावर, हे मान्य. आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं हवं, आणि दोन मुलं असतील तर 26 ऐवजी 12 आठवडे. ‘नोकरी कायम असेल तरच’ ही अट कुठेच नाही. दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टरवरच्या रोजंदार बायकांना हा लाभ द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच सांगितलंय.

मेसेजच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं. दहापेक्षा कमी माणसं असतील तर कोडची ही रजा तुम्हाला बांधत नाही (पण मोजताना ठेकेदाराची माणसं विसरू नका). मॅनेजरला आणि 18,000 च्या वर पगार घेणाऱ्या सुपरवायझरला हा कोड ‘कामगार’ मानत नाही. कारखान्यासाठी सीएल, म्हणजे किरकोळ रजा, या कोडमध्ये नाही. दुकान-ऑफिसांसाठी गुजरातचा 2019 चा वेगळा कायदा आहे, त्यात वर्षाला 8 सीएल आहेत.

राहिली ती ‘मला रजा नको’ची चिठ्ठी. 1872 च्या करार कायद्याचं 23 वं कलम सांगतं की कायद्याचा हेतू हाणून पाडणारा करार रद्दबातल. माझ्या एका ग्राहकाने बारा माणसांच्या अशा चिठ्ठ्या घेऊन, प्लास्टिकच्या कव्हरात घालून, फाइल केल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, ‘शेठ, हे राहू द्या. तुमच्या फोरमनकडे जे रजेचे अर्ज आले, त्यावर “नामंजूर” लिहून कुठे ठेवलेत?’ ते अर्ज टपरीवर भजी गुंडाळायला गेले होते.