घड्याळ उशीखाली, आई बसस्टॉपवर

स्मृतिभ्रंश झालेली माणसं केअर होममधून एकटीच बाहेर पडू नयेत म्हणून काय करावं, यावरच्या लेखात सगळा भर जीपीएस घड्याळावर (माणूस कुठे आहे ते कळवणाऱ्या घड्याळावर) दिलाय, म्हणून लिहितोय. स्मृतिभ्रंश झालेली आमची आई 2 वर्षं पुण्यात कोथरूडच्या एका केअर होममध्ये होती. घड्याळ तिनं तिसऱ्याच दिवशी काढून उशीखाली ठेवलं. शिवाय इमारतीच्या आत जीपीएस नीट चालत नाही, आणि चार्जिंग विसरलं की संपलंच. दाराला सेन्सर होता, पण दूधवाला, डबेवाला, नातेवाईक, कोणीही आलं तरी किंचाळायचा. वैतागून कुणीतरी त्याचा आवाजच बंद केला आणि नेमकी त्याच संध्याकाळी आई बाहेर पडली. कर्वे रोडच्या बसस्टॉपवर सापडली. "मुलं शाळेतून येतील, कुकर लावायचाय," म्हणत होती. (मुलं म्हणजे आम्हीच, साठीला टेकलेली!) दिवस कलताना ही घालमेल वाढते, डॉक्टर त्याला सनडाउनिंग म्हणतात. मग तिथल्या एक मावशी रोज 5 वाजता तिच्यापुढे गवार निवडायला ठेवू लागल्या, तेव्हा कुठे ती बसायला लागली.

त्यातल्या त्यात मनगटावरचा टॅग दाराजवळ आला तरच वाजणारी यंत्रणा बरी, ती येणाऱ्याजाणाऱ्यावर बोंबलत नाही. पण दाराला इलेक्ट्रॉनिक कुलूप असेल तर आग लागल्यावर ते आपोआप उघडतं का, हे आधी विचारा. आम्ही विचारलं तेव्हा व्यवस्थापक नुसते हसले.