फोटोखाली गावाचं नाव लिहा

इंदूरच्या आसपास फोटो काढत हिंडणाऱ्या सगळ्या मंडळींना माझी एक कळकळीची विनंती आहे. शनिवार-रविवारी तुम्ही सिमरोल, चोरल, महू, देपालपूर, सांवेरकडे गाडी काढता, पहाटेची झोप मोडता, खरोखर देखणे फोटो आणता, आणि ते इथे ऑनलाइन टाकताना खाली लिहिता : "वसंताची चाहूल", "माळव्यातलं एक खेडं", "ग्रामीण सौंदर्य". त्या खेड्याचं नाव लिहा हो. तारीख लिहा. शेतात काय उभं होतं ते लिहा. फोटोत माणूस असेल तर तो त्या वेळी काय करत होता, तेही लिहा.

नोकरी सांभाळून मी बरीच वर्षं फेब्रुवारी-मार्चमधले सुट्टीचे दिवस याच वाटांवर घालवतोय. आमच्या घरात जुनी माणसं म्हणायची, महाशिवरात्रीला थंडी शिव-शिव म्हणत निघून जाते. त्याच्या थोडं आधी सुरू होऊन रंगपंचमीपर्यंत माळव्यात जे चालतं, ते वर्षभरात पुन्हा दिसत नाही. गव्हाची खालची पानं आधी पिवळी पडतात, ओंबी मागून रंग बदलते, आणि मधले काही दिवस एकाच वावरात हिरवा, पोपटी, पिवळा असे थर दिसतात. हरभऱ्याचे घाटे वाळून खुळखुळायला लागलेले असतात. बटाट्याची काढणी चालू असते, महूच्या बाजूला अंगणांत आणि मोकळ्या रानात बटाट्याचे चिप्स उन्हात पसरलेले असतात. आंबा मोहोरलेला असतो. कुठे तरी बांधावर काटक्या पेटवून कोणी उंबी, म्हणजे गव्हाची हिरवी ओंबी, भाजत असतं, आणि तुम्ही दोन मिनिटं थांबलात तर मूठभर तुमच्या हातावर ठेवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. फेब्रुवारीच्या मध्याला इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मार्चच्या मध्याला साडेसहाच्या सुमारास, आणि नऊ वाजले की उजेड पांढरा व्हायला लागतो. म्हणजे कामाचे तास दोन, फार तर अडीच. त्या दोन तासांत माणसंही शेतात असतात, ही मोठीच सोय.

पळसाबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण या दिवसांत निम्मे फोटो पळसाचे असतात. चोरलच्या घाटात, जानापावच्या उतारांवर, पातालपाणीच्या बाजूला पळस फुलतो तेव्हा झाडावर पान नसतं, काळ्या मखमली देठांवर नुसती केशरी फुलं. फोटोत मात्र बऱ्याचदा नुसता केशरी डाग येतो, पाकळीची घडी नाही, तिच्यावरची लव नाही. याचं कारण साधं आहे. कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल वेगवेगळे नोंदवतो, आणि या रंगात लाल चॅनल बाकीच्या दोघांच्या खूप आधी भरून जातो. कॅमेऱ्याचा एकपदरी हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, तुम्हाला सांगतो की सगळं ठीक आहे, आणि तिकडे लाल कापला गेलेला असतो. तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावा, एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली घ्या, म्हणजे फोटो जरा गडद काढा, आणि तो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमध्ये काढा. सूर्य फुलांच्या मागे असताना काढलात तर पाकळीच्या शिरासुद्धा दिसतात. आणि जरा वेळ झाडाखाली थांबा. भोरड्यांचे थवे येतात, ज्यांना पळसमैना असंही म्हणतात. गुलाबी अंग, काळं डोकं. फुलातला मध पितात, भांडतात, एकदम उडतात. एप्रिल उजाडला की मध्य आशियाच्या वाटेला लागतात.

आता याच फोटोखाली "चोरल घाट, अमुक तारीख" एवढं लिहिलंत आणि पुढच्या वर्षी त्याच झाडापाशी जाऊन पुन्हा लिहिलंत, की पाच-सात वर्षांत तुमच्याकडे एक नोंद तयार होते. पळस कधी फुलला, कधी झडला, मावठा, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, कुठल्या वर्षी उशिरा पडला, भोरड्या कधी दिसल्या. इंदूरमधून दर आठवड्याला किती तरी कॅमेरे आणि मोबाइल बाहेर पडतात. आपण नुसत्या तारखा लिहिल्या तरी या भागाच्या ऋतूंची वही आपोआप भरत जाईल. तारखेशिवायचा पळस सुंदर असतो, पण तो कुठल्याही वर्षीचा असतो, आणि खांडव्याच्या रस्त्याचं काम पाहिल्यावर मला कुठल्याही वर्षीचा पळस पुरत नाही. रुंदीकरणात काठची झाडं जातात. गेलेलं झाड नेमकं कुठे उभं होतं, हे सांगणारं आपल्याशिवाय कोण आहे?

दुसरी गोष्ट मला याहून जास्त लागते. गव्हाच्या शेताचा फोटो असतो आणि त्यातून विजेचा खांब पुसलेला असतो. मोबाइलच्या टॉवरवर बोट फिरवलं की टॉवर गायब. निळी ताडपत्री गायब, स्प्रिंकलरचे पाइप गायब, ट्रॅक्टर गायब, बैलजोडी मात्र शोधून आणलेली. मी हे मुळीच मान्य करू शकत नाही. चित्रकाराला नको ते वगळायची मुभा आहे. देवळालीकरांनी १९२७ साली इंदुरात चित्रशाळा सुरू केली, बेंद्रे, हुसेन तिथून पुढे गेले. त्यांच्यापैकी कोणी झाड डावीकडचं उजवीकडे नेलं तर ते त्यांचं काम होतं. कॅमेऱ्याचं बळ त्यात नाही. कॅमेऱ्याचं बळ यात आहे, की त्या सकाळी तिथे जे होतं ते त्याने ठेवलं.

आणि तो पाइप काही क्षुल्लक वस्तू नाही. "मालव माटी गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर" ही ओळ आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. इथली काळी माती पावसाचं पाणी धरून ठेवायची आणि त्या ओलीवर गहू निघायचा. मग बोअरवेल आल्या, पाणी खोल गेलं, आणि आज क्षिप्रेत पाणी असावं म्हणून नर्मदेचं पाणी पंपांनी उचलून इंदूर जिल्ह्यातल्या उज्जैनी गावापाशी क्षिप्रेच्या उगमात सोडतात. ती जोडणी २०१४ साली सुरू झाली. आपल्या नळालासुद्धा १९७८ पासून नर्मदाच येते. शेतातून जाणारा काळा पाइप पुसलात की माळव्याच्या पाण्याची सगळी गोष्टच पुसली. मार्चमध्ये पंजाबकडून येणारी मोठी हार्वेस्टर यंत्रं, त्यांच्या मागे उडणारा भुसा, कडेला चहा पिणारे त्यांचे ड्रायव्हर, हा आजचा वसंत आहे. मागून ऊन येत असताना तो भुसा इतका सुंदर दिसतो की बैलजोडी शोधत बसायची गरजच पडू नये.

राजा दीनदयाळांचं नाव इथे घ्यायलाच हवं. रुडकीला इंजिनियरिंग शिकून १८६६ साली ते इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. नोकरी करता करता, हौस म्हणून. तुकोजीराव होळकर दुसरे आणि मध्य भारतातले ब्रिटिश प्रतिनिधी सर हेन्री डेली यांनी त्यांना पुढे आणलं, निजामाच्या दरबारात मानाने जाणं ही पुढची गोष्ट. भारतातला एवढा मोठा फोटोग्राफर आपल्या गावात, आपल्यासारखाच सुट्टीत फोटो काढत सुरू झाला, याचा मला फार अभिमान वाटतो. त्यांच्या कित्येक प्रिंटांवर खालच्या कडेला ठिकाणाचं नाव आणि क्रमांक असतो. काचेच्या निगेटिव्हच्या काळात, एकेका फोटोला एवढा खटाटोप असताना, त्या माणसाने नाव लिहायचा कंटाळा केला नाही. म्हणून आज दीडशे वर्षांनी त्यांच्या फोटोवरून एखाद्या देवळाचं शिखर पूर्वी कसं होतं हे सांगता येतं.

गावांचं काय होतं ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. निपानिया, कनाडिया, बिचोली हप्सी ही गावं होती. शहराच्या हद्दीत एका वेळी २९ गावं घेतली गेली, त्यांतली ही. सुपर कॉरिडॉरवर आज काचेच्या इमारती आहेत, तिथे गव्हाची शेतं बघितलेली माणसं अजून पन्नाशीचीही नाहीत. बडा बांगडदा, पालाखेडीकडे जाताना एका बाजूला हरभरा आणि दुसऱ्या बाजूला प्लॉटचे दगड, असं दृश्य दिसतं. कॉलनी कटली, म्हणजे शेताचे प्लॉट पडले, की नाव बदलतं, कुठलं तरी "ग्रीन", कुठलं तरी "व्हॅली" होतं. घरं कोणालाही लागतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिथे आधी काय पिकत होतं, विहीर कुठे होती, वडाचा पार कुठे होता, हे कोणाच्या तरी फोटोखाली लिहिलेलं असायला हवं, आणि ते लिहिण्याजोगे लोक आपणच आहोत. आपण तिथे गेलो होतो, आपल्याकडे फोटो आहे, नाव विचारायला अर्धं मिनिट लागतं.

नाव विचारलं की बोलणं सुरू होतं, हा वेगळाच फायदा. सांवेरच्या रस्त्यावर लसूण काढणाऱ्या एका दाजींना मी राम राम करून फोटोसाठी विचारलं, तर त्यांनी उलट मला विचारलं, "म्हारो फोटू लेई ने कंई करोगा?" म्हणजे, माझा फोटो घेऊन काय कराल? रास्त प्रश्न होता. मी सांगितलं, प्रिंट काढून आणून देईन. पुढच्या फेरीत दिली. त्यांनी ती उलटून मागे बघितली, गावाचं नाव आणि तारीख वाचली, आणि घरात नेऊन सुनेला दाखवली. त्यानंतर त्या वस्तीत मला फोटोसाठी कोणी अडवलं नाही. एका प्रिंटला चहाच्या कपाएवढा खर्च येतो. बायकांचे फोटो तर विचारल्याशिवाय काढूच नका, लांबच्या लेन्सने चोरून तर अजिबात नाही. सोंगणी करताना कंबर वाकलेली असते, पदर सरकलेला असतो, आणि तो फोटो हजार लोकांनी बघावा असं कुठल्याही बाईला का वाटेल?

होळीच्या आधीच्या आठवड्यात झाबुआ-आलीराजपूरकडे भगोरिया हा आदिवासींचा बाजार भरतो, आणि इंदूरहून गाड्या भरून फोटोग्राफर जातात. ज्या गावचा जो बाजारवार, त्या वारी तिथला भगोरिया. होळीच्या सामानाची खरेदी, मांदल हा ढोल, बासरी, चांदीचे दागिने, नातेवाइकांच्या भेटी. वालपूरचा भगोरिया एकदा तरी बघावा असाच आहे. पण तिथल्या मुलींच्या फोटोखाली "पान दिलं की लग्न ठरतं" आणि "आदिवासींचं स्वयंवर" असलं लिहिलेलं वाचलं की माझं डोकं फिरतं. भिल्ल, भिलाला समाजातले लोक वर्षानुवर्षं सांगताहेत की हा बाजार आहे, आमच्या मुलींबद्दल असं लिहू नका. हौसेने नटून मैत्रिणींबरोबर बाजारात आलेल्या मुलीच्या चेहऱ्याखाली आपण ही थाप चिकटवतो आणि ती फिरत राहते. काही लिहायचंच असेल तर "वालपूर, भगोरिया हाट" आणि तारीख. तेवढं खरं आहे आणि तेवढं पुरेसं आहे.

एका ठिकाणी मात्र मी हात आखडता घेतो. मंदसौर, नीमचकडे याच दिवसांत अफूची पांढरी फुलं येतात. परवान्याची शेती आहे, चिकाचा हिशोब सरकारला द्यावा लागतो, चोरीच्या भीतीने शेतकरी रात्री शेतात झोपतो. तिथे मालकाला विचारून फोटो काढा, पण गाव आणि वाट लिहू नका, फक्त जिल्हा लिहा. पक्ष्यांच्या घरट्यांनाही हाच नियम. यशवंत सागर तलावाच्या काठी सारस दिसले तर "यशवंत सागर" एवढंच लिहा, मोबाइलचं लोकेशन बंद ठेवा.

आणि कॅमेऱ्याने फाइलमध्ये तारीख आपोआप घातलेली असते, मग वेगळी कशाला लिहायची, असं कोणी म्हणेल. इथे फोटो चढवला किंवा व्हॉट्सॲपवर पाठवला की ती माहिती गळून जाते. फोटो हातोहात फिरतो आणि अनाथ होतो. म्हणून पोस्टच्या मजकुरात लिहा, आणि घरच्या मूळ फाइलच्या नावातही घाला : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव. मोबाइलवरून हे करायला रविवारी रात्रीची पंधरा मिनिटं पुरतात.

शेवटचं, आपल्या मराठी घरांसाठी. रामबाग, लोकमान्य नगर, राजवाड्याच्या मागच्या गल्ल्या, इथल्या घराघरांत जुने अल्बम आहेत. पातालपाणीची सहल, कोणाच्या तरी मळ्यातली हरभरा-उंबीची पार्टी, बैलगाडीत बसलेल्या आत्या आणि मावश्या. त्या फोटोंच्या मागे उभं असलेलं शेत आज कुठली तरी कॉलनी आहे. येत्या रविवारी बाहेर जाणं जमलं नाही तर तो अल्बम काढून आजी-आजोबांजवळ, काका-काकूंजवळ बसा, आणि गाव कोणतं, साल कोणतं, मळा कोणाचा, विचारून घ्या. मागे लिहिताना मऊ पेन्सिल वापरा, फोटोच्या कडेला, हलक्या हाताने. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूने उमटतो.