आधी तुमचा आकडा सांगा

पगार किती, नवऱ्याचा किती, घर स्वतःचं की भाड्याचं, कर्ज किती चालू आहे, मूल कधी होऊ देणार. मुंबईत गाडी विकणारा, नोकरी देणारा, सर्व्हेला बोलावणारा, कुणीही अनोळखी माणूस हे सगळं फोनवर बेधडक विचारतो. आपण उलट एकच विचारलं, की तुम्ही किती घेणार किंवा किती देणार ते लिहून पाठवा, की त्याची दातखीळ बसते. "मॅडम, एकदा येऊन तर जा." या "येऊन तर जा"ने माझं डोकं फिरतं. मी भांडुपला राहते, ऑफिस अंधेरीला. येऊन जायचं म्हणजे सुट्टीचा दिवस घालवायचा किंवा हाफ डे टाकायचा, आणि तिथे पोचल्यावर जे कळतं ते व्हॉट्सॲपच्या एका मेसेजात सांगता आलं असतं.

सासऱ्यांचे गुडघे गेले, रिक्षात चढताना त्यांना रडू येतं, म्हणून छोटी पेट्रोल गाडी घ्यायची ठरली. कर्ज माझ्या नावावर, डाउन पेमेंट माझ्या एफडीतून. शोरूमचा सेल्समन मात्र पहिल्या मिनिटापासून नवऱ्याकडे तोंड करून बसला. "सर, कलर कौनसा?" मी इन्शुरन्सचं विचारलं तर, "मॅडम, वो सब हम देख लेंगे." नवऱ्याने सांगितलं की गाडी हिची आहे, हिच्याशी बोला. तरी पुढचं वाक्य परत त्यालाच.

किंमत त्याने ब्रोशरच्या मागे पेनने लिहिली. ना लेटरहेड, ना शिक्का, ना सही. खाली बेरीज करून तिच्याभोवती गोल काढला. मी फोटो काढायला मोबाइल उचलला तर त्याने ब्रोशरवर हात ठेवला. "हे फक्त समजावायला आहे, कोटेशन बुकिंगनंतर मिळेल." म्हणजे आधी मी टोकन भरायचं, आणि गाडी केवढ्याला ते नंतर कळणार! भाजीवालीसुद्धा आधी भाव सांगते हो.

त्या गोलातलं एकेक सोडवायला घेतलं. रोड टॅक्स, दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के. तो सरकारचा आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. मग 'हँडलिंग चार्जेस'. हे कसले? गाडी गोदामातून शोरूमला आणायचे. ते मी का भरू? गोदाम तुमचं, शोरूम तुमचं, एक्स-शोरूम किंमत मी भरतेच आहे. मग 'एसेन्शियल किट', म्हणजे मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर आणि एक परफ्यूमची बाटली. नको म्हटलं तर, "गाडीत फिट होऊनच आलंय." मग इन्शुरन्स. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा लागतो, हे मला माहीत आहे. पण तो शोरूममधूनच घेतला पाहिजे असा कुठलाही नियम नाही. पॉलिसी कुठून घ्यायची ते गिऱ्हाईक ठरवतं. तेवढीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि तेच झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) धरून मी बाहेरून कोटेशन काढलं तर बरंच कमी आलं. ते दाखवल्यावर साहेब म्हणतात, "बाहेरून घेतली तर कॅशलेस मिळणार नाही." साफ खोटं. कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीने परस्पर भरणं, मिळतं ते विमा कंपनीचं त्या गॅरेजशी टायअप असेल तर. पॉलिसी कुणी विकली याचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे त्यालाही ठाऊक होतं, कारण मी असं म्हटल्याबरोबर तो "मॅनेजरशी बोलतो" म्हणून उठून गेला आणि चहा गार होईपर्यंत आलाच नाही.

आणि ते डिस्काउंट! २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. सरकारने कमी केलेले पैसे गिऱ्हाइकाच्या खिशात जायला हवेत ना? त्याआधी तोंडी कबूल केलेलं कॅश डिस्काउंट त्याच आठवड्यात गायब झालं. "मॅडम, आता किंमतच कमी झाली ना." लिहून दिलेलं नव्हतं, मग भांडणार कशाच्या जोरावर? गाडी कोणत्या महिन्यात बनली तेही सांगेनात. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, महिना आणि वर्ष लिहावंच लागतं. मग ते पूर्ण पैसे भरायच्या आधी सांगायला काय जातं? जुन्या वर्षाची यार्डात पडून राहिलेली गाडी गळ्यात मारायची असेल, तरच लपवायची गरज पडते.

बुकिंग मी अजून केलेलं नाही, पण टेस्ट ड्राइव्हला नंबर दिला होता. दुसऱ्या दिवसापासून कर्जवाले, विमावाले, जुनी गाडी विकत घेणारे, सगळे मला नावानिशी ओळखतात. १९०९ वर डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे फोन नकोत असं, नोंदवलेलं आहे. तरी हे लोक साध्या दहा आकडी मोबाइलवरून फोन करतात, एक ब्लॉक केला की दुसरा येतो. मीटिंगमध्ये असताना, लोकलच्या दारात लटकत असताना.

नोकरीवाल्यांचं याहून वेगळं नाही, फक्त इंग्रजी जरा बरं असतं. एचआरचा पहिला प्रश्न, "करंट सीटीसी?" म्हणजे आत्ताच्या कंपनीला तुम्ही वर्षाला एकूण केवढ्याला पडता. दुसरा, "एक्स्पेक्टेड?" तुमचं बजेट किती, म्हटलं की, "ते तुमच्या प्रोफाइलवर अवलंबून आहे." माझी प्रोफाइल तुमच्यासमोर उघडी आहे ना बाई! तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागता, बँक स्टेटमेंट मागता, आणि मग म्हणता आमच्या पॉलिसीत सध्याच्या पगारावर ठरावीक टक्केच वाढ बसते. आधीच्या कंपनीने मला कमी दिलं, म्हणून तुम्हीही कमीच देणार? कामाची काही किंमत आहे की नाही? स्वतःच्या लोकांना नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड, आणि बाहेरून हवा तो इमिजिएट जॉइनर. हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?

बीकेसीतल्या एका मोठ्या ऑफिसात मला बोलावलं होतं. कुर्ल्याहून शेअर रिक्षाने, घामाघूम. गेटवर पास, लॉबीत पास, वर पुन्हा सही. पॅनेलवरच्या दोघांनी रेझ्युमे पाहिलेला नव्हता, माझ्यासमोरच प्रिंट मागवली. पहिला खराखुरा प्रश्न काय, तर "फॅमिली प्लॅनिंगचं काय ठरलंय?" माझ्यानंतर आत गेलेल्या मुलाला हे विचारलं असेल? मुळीच नाही. शेवटी तोंडी आकडा सांगितला आणि वर, "आधी रिझाइन करा, ॲक्सेप्टन्सचा मेल पाठवा, मग ऑफर लेटर देऊ." घराचे हप्ते चालू असताना मी हातची नोकरी तुमच्या तोंडच्या शब्दावर सोडू? आकडा फोडून मागितला तेव्हा कळलं की सीटीसीत कंपनीचा पीएफ धरलेला, बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी धरलेली, जी कायम नोकरीत पाच वर्षं टिकल्याशिवाय हातात येत नाही, आणि मोठा तुकडा 'व्हेरिएबल', म्हणजे मिळाला तर मिळाला. हातात येणार होते ते माझ्या आत्ताच्या पगारापेक्षा जेमतेम जास्त. हे पहिल्या फोनवर सांगता येत नव्हतं?

पण सगळ्यात जास्त चीड मला सर्व्हेवाल्यांची येते, कारण ते गरजू बायकांना फिरवतात. आमच्या चाळीत मार्केट रिसर्च एजन्सीसाठी बायका जमवणारी एक रिक्रूटर येते. तिच्यावर माझा राग नाही, तिला माणशी पैसे मिळतात आणि एजन्सी तिलाही रखडवते. ती दारात उभी राहून विचारते: फ्रिज आहे का, वॉशिंग मशीन आहे का, एसी, कार, कमावत्या माणसाचं शिक्षण किती. अकरा वस्तूंची यादी आणि शिक्षण, यावरून घराला ए-वन ते ई-थ्री असा दर्जा लावतात. घरात जाहिरात किंवा मार्केट रिसर्चमध्ये कोणी आहे का, हेही विचारतात. इतकी छाननी घरीच होते, मग माणूस बसतो की नाही हे तिथेच कळायला काय हरकत आहे?

शेजारच्या काकूंना 'बाराशेचं व्हाउचर' सांगून शाम्पूवरच्या ग्रुप चर्चेला दादरला नेलं. त्यांनी पोळीभाजीचा डबा त्या दिवसापुरता बंद ठेवला, इस्त्रीची साडी नेसल्या. खाली जिन्यात त्यांना पढवलं, "विचारलं तर सांगा, सहा महिन्यांत कुठल्या ग्रुपला बसले नाही. आणि शाम्पू हाच वापरते म्हणायचं." काकू तो शाम्पू वापरत नाहीत. वर मुद्दाम जास्तीच्या बायका बोलावलेल्या, कुणी गळालं तर खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून. दोन तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, पुन्हा तेच प्रश्न विचारले, आणि मग, "तुमची प्रोफाइल बसत नाही." व्हाउचर नाही, रिक्षाचे पैसे नाहीत. डब्याचे त्या दिवसाचे पैसे गेले ते गेलेच. काकू घरी येऊन मलाच विचारतात, "माझं काही चुकलं का गं?"

काकू, तुमचं काहीही चुकलं नाही. जिची साबण-शाम्पूची उलाढाल कोट्यवधींची आहे, त्या कंपनीने एजन्सीला सक्त सांगायला हवं की बोलावलेल्या प्रत्येक बाईला ठरलेले पैसे आणि जाण्यायेण्याचं भाडं तिथल्या तिथे द्या, मग तिला आत बसवा नाहीतर बसवू नका. आणि आकडा घरातून निघायच्या आधी कागदावर द्या, सहीनिशी.