‘फुलफ्रेम नसेल तर फोटोग्राफी सोडा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘कॅमेरा घेण्याआधी हे ८ नियम वाचाच! ३० वर्षांच्या अनुभवी प्रोफेशनलचा सल्ला’ अशा मथळ्याचा एक फॉरवर्ड बरेच दिवस फिरतोय. प्रोफेशनल कोण, अनुभव कसला, याचा त्यात पत्ता नाही. सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा सोडून दिला. ट्रेकवाल्या ग्रुपवर आला तेव्हाही सोडून दिला. पण परवा नेरूळहून बहिणीचा फोन आला, की चिरंजीव एफडी मोडायची म्हणतायत. का, तर त्यांच्या कॅमेऱ्यावर फ्लेमिंगो ‘येणारच नाहीत’. भाच्याला फोन दे म्हटलं. तो म्हणाला, “मामा, तू नियम दोन वाच आधी.”

वाचला. बाकीचे सातही वाचले. ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक, डीएसएलआर (आत आरसा असलेला जुन्या पद्धतीचा कॅमेरा) मेला, जुन्या लेन्स भंगारात काढा. दोन, फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा, म्हणजे चित्र टिपणाऱ्या मोठ्या चिपचा कॅमेरा) नसेल तर फोटोग्राफी सोडा, क्रॉप सेन्सर (त्याहून लहान) हे खेळणं आहे. तीन, जितके मेगापिक्सेल जास्त तितका फोटो चांगला. चार, किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी) फेकून द्या, एफ १.८ पेक्षा कमी उजेडाची लेन्स हातात धरू नका (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि उजेड जास्त). पाच, सगळे पैसे बॉडीत (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात) घाला, लेन्स पुढे बघता येईल. सहा, नाहीतर २०० मेगापिक्सेलचा फोन घ्या, कॅमेऱ्याची गरजच नाही. सात, पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या केसमध्ये घालून तांदळाच्या डब्यात ठेवा, सोबत डांबरगोळ्या. आठ, बिलाशिवाय घ्या, टॅक्स वाचवा. आणि खाली हात जोडून, किमान दहा ग्रुपवर पाठवा.

क्रमाने जाणार नाही. घरात भांडण लावलं ते दोन आणि पाच नंबरने, म्हणून तिथूनच.

भाच्याकडे निकॉनचा डी५६०० आहे, सोबत १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स आणि क्रॉप सेन्सरसाठी बनवलेली ७०-३०० (आकडा जितका मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं). नोकरीला लागून फार दिवस झालेले नाहीत. त्याला घराजवळच्या पाणथळीतले फ्लेमिंगो काढायचेत. गाठीशी पैसे आहेत ते एका नव्या फुलफ्रेम मिररलेस (आरसा नसलेल्या) बॉडीपुरते. म्हणजे हे दोन्ही नियम त्याने तंतोतंत पाळले, तर काय होईल ते बघू.

फुलफ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. त्याच्या डी५६०० मधला साधारण २३.५ बाय १५.६ चा. लेन्सवर ३०० लिहिलंय ते दोन्हीकडे ३००च राहतं. लहान सेन्सर त्याच चित्रातला मधला भाग तेवढा टिपतो, त्यामुळे फुलफ्रेमवर ४५० मिलिमीटरच्या लेन्सने जेवढं दिसलं असतं तेवढं त्याला ३०० वर दिसतं. दूरच्या पक्ष्याचा फोटो काढणाऱ्याला ही सोय आहे, आणि फॉरवर्डवाले तिलाच खेळणं म्हणतात.

आता तो लाखाच्या पुढची २४ मेगापिक्सेलची निकॉन फुलफ्रेम बॉडी घेणार. पैसे संपले, म्हणून अडॅप्टर (जुनी लेन्स नव्या बॉडीला जोडणारं कडं) लावून हीच ७०-३०० तिच्यावर चढवणार. ती लेन्स मुळात लहान सेन्सरपुरतंच चित्र पाडते. कॅमेरा हे ओळखतो आणि आपोआप सेन्सरचा मधला तुकडाच वापरतो. या २४ मेगापिक्सेलच्या झेड (निकॉनच्या मिररलेस मालिकेतल्या) बॉडीवर तो तुकडा येतो ३९३६ बाय २६२४ चा. गुणाकार करा, साधारण १०.३ मेगापिक्सेल. लेन्स तीच, फ्लेमिंगो तेवढ्याच अंतरावर, सेन्सरवर पडणारी त्याची प्रतिमा तेवढीच, आणि आज जो पक्षी २४ मेगापिक्सेलमध्ये येतोय तो उद्या १० मध्ये येणार. एफडी मोडून.

यावर ठरलेलं उत्तर असतं, की फुलफ्रेमला उजेड जास्त मिळतो, अंधारात काढलेल्या फोटोत दाणे कमी दिसतात. खरं आहे. क्षेत्रफळ सव्वादोन पटीहून जास्त आहे, म्हणजे एका स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) थोडा जास्तच फायदा. पण तो पूर्ण सेन्सर वापरलात तर. मधला तुकडा कापलात की तो फायदाही कापून टाकलात. फुलफ्रेमवर तेवढाच मोठा पक्षी हवा असेल तर लेन्सही ४५० च्या पुढची हवी. उदाहरणार्थ, निकॉनची १८०-६०० मिळते, उत्तम आहे, दोन किलोच्या आसपास वजन, आणि किंमत पुन्हा लाखाच्या पुढे. ‘लेन्स पुढे बघता येईल’ यातलं ‘पुढे’ म्हणजे हे.

दुसरं ठरलेलं उत्तर म्हणजे ऑटोफोकस. नवे कॅमेरे पक्ष्याचा डोळा ओळखून धरतात, आणि डी५६०० ला ते जमत नाही. हेही खरं. पण ते नवेपणाचं श्रेय आहे, सेन्सरच्या आकाराचं नाही. कॅननचा आर७ (२०२२) आणि निकॉनचा झेड५० टू (२०२४) हे दोन्ही क्रॉप सेन्सरवाले, आणि दोघेही पक्षी ओळखतात. आर७ मध्ये तर त्या लहान सेन्सरवर ३२.५ मेगापिक्सेल आहेत. आणि फुजीफिल्म? ती कंपनी फुलफ्रेम डिजिटल कॅमेरा बनवतच नाही. एक तर क्रॉप, नाहीतर फुलफ्रेमपेक्षाही मोठा सेन्सर. फुजी वापरून पोट भरणाऱ्या लग्नाच्या फोटोग्राफरांनी आता काय, फोटोग्राफी सोडायची?

फुलफ्रेम कुणी घ्यावा, तर ज्याचं काम कमी उजेडातलं आहे त्याने. रंगमंचावरचं नाटक, हॉलमधली रात्रीची लग्नं, ठाण्यातल्या राम मारुती रोडची दिवाळी पहाट. जिथे जवळ जाता येतं आणि उजेड कमी आहे, तिथे तो पैसे वसूल करून देतो. खाडीतल्या पक्ष्याच्या जवळ जाता येत नाही, गोष्ट तिथेच संपते.

पहिल्या नियमात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. २०२० मध्ये कॅननचा १डीएक्स मार्क थ्री आणि निकॉनचा डी६ आला, त्यानंतर दोघांपैकी कुणीही नवा फ्लॅगशिप, म्हणजे सगळ्यात वरचा, डीएसएलआर काढलेला नाही. नवी बॉडी, नव्या लेन्स, सगळं मिररलेसमध्ये. पण म्हणून जुन्या लेन्स भंगारात? निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसते ती जागा) माउंट ते सेन्सर अंतर ४६.५ मिलिमीटर, नव्या झेडमध्ये १६. मधल्या ३०.५ मिलिमीटरच्या जागेत अडॅप्टर बसतो. आत काच नाही, पोकळ नळी आणि वीजजोडण्या, त्यामुळे चित्राचा दर्जा उतरत नाही. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स नव्या आरएफ बॉडीवर अशाच चालतात, ऑटोफोकससकट. अडचण येते ती निकॉनच्या जुन्या, आत मोटर नसलेल्या एएफ-डी लेन्सची. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर त्या हाताने फोकस कराव्या लागतात. ज्याच्याकडे फिल्मच्या काळातल्या अशा चार-पाच चांगल्या लेन्स आहेत त्याने जरूर विचार करावा. पण गंमत अशी, की डी५६०० च्या बॉडीतही फोकसची मोटर नाही, तिथेही त्या लेन्स हातानेच फिरवाव्या लागतात. मग भाच्याचं नुकसान नेमकं कशात होणार होतं?

मेगापिक्सेलवर फार वेळ घालवत नाही. खेळाच्या मैदानावर घेऊन जायला बनवलेला सोनीचा ए९ थ्री २४.६ मेगापिक्सेलचा. कॅननचा सगळ्यात वरचा आर१, आला २०२४ मध्ये, तो २४.२ चा. या कंपन्यांना ६० मेगापिक्सेल घालता येत नाहीत असं नाही, सोनी स्वतः ६१ चा कॅमेरा विकते. ए फोर आकाराच्या उत्तम प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) पावणेनऊ मेगापिक्सेल लागतात. भाच्याचे फोटो जातात इन्स्टाग्रामवर. फोनच्या २०० चंही तेच, त्यातले बहुतेक फोन सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून तुमच्या हातात साधारण १२ मेगापिक्सेलचा फोटो ठेवतात. फोन वाईट नाहीत. पण त्यांच्यातला सेन्सर बोटाच्या नखात मावतो, आणि लांबच्या पक्ष्यापुढे त्याचं काही चालत नाही.

एफ १.८ चं वेडही असंच. ५० मिलिमीटर १.८ ही स्वस्त आणि सुंदर लेन्स आहे, प्रत्येकाकडे असावी. पण ती पूर्ण उघडी ठेवून तीन मीटरवरून घरच्यांचा ग्रुप फोटो काढा. क्रॉप सेन्सरवर फोकसमध्ये असलेली पट्टी जेमतेम २५ सेंटिमीटरची येते. पुढच्या रांगेतली आजी स्पष्ट, मागे उभे जावई धूसर. मग छिद्र एफ ८ ला न्यायचं, आणि एफ ८ ला तुमची ती फेकून द्यायची किट लेन्सही झकास चालते.

सातवा नियम मात्र धोक्याचा आहे, कारण तो ऐकायला आजीच्या बटव्यातला वाटतो आणि लोक तो खरंच पाळतात. ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, जुलैत डब्याबाहेर राहिलेला पापड अर्ध्या तासात सादळतो. लेन्सला बुरशी लागायला अशी हवा पुरते. झाइस ही १८४६ पासून भिंगांच्या धंद्यात असलेली जर्मन कंपनी. बुरशी कधी धरते हे तिने स्पष्ट लिहून ठेवलंय. सापेक्ष आर्द्रता ७० टक्के किंवा जास्त, तीही तीन दिवसांहून अधिक. हवा खेळती नाही. अंधार. तापमान १० ते ३५ अंश. आणि खायला धागे, तेलकटपणा, धूळ.

आता चामड्याच्या केसमधली लेन्स तांदळाच्या डब्यात घालून कपाटात ठेवा आणि ही यादी पुन्हा वाचा. अंधार आहे. हवा बंद आहे. तापमान आपल्याकडे बारा महिने तेच. खायला तांदळाची पूड, शिवाय चामडं स्वतः ओल धरून बसतं. तांदूळ हवेतली ओल फारशी शोषत नाही. किराणा दुकानातून आला तेव्हाच तो याच हवेत होता. डांबरगोळी कपड्यांतल्या किडीसाठी असते, ओलीशी तिचा संबंध नाही. बुरशी नुसती साफ करून भागतंच असं नाही. तिच्यातून पाझरणारी आम्लं काचेवरचा थर खातात, आणि तो डाग मग कायमचा.

झाइसच सांगते तसं आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा, ३० च्या खाली मात्र नेऊ नका. हे करायला महागडं कपाट लागतंच असं नाही. घट्ट झाकणाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलची पाकिटं आणि आर्द्रता दाखवणारं एक लहान मीटर. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरायचं. चामड्याची केस काढून टाकायची. आणि लेन्स वापरात ठेवायची, पावसाळाभर बंद करून विसरायची नाही. लेन्स तीनच्या वर गेल्या की मग ड्राय कॅबिनेटचा (आतली आर्द्रता आपोआप कमी ठेवणाऱ्या कपाटाचा) विचार.

आठव्याबद्दल एकच वाक्य. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, आणि वाचवलेला टॅक्स पहिल्याच दुरुस्तीत जातो.

मग भाच्याने काय करावं? डी५६०० ठेवावा. निकॉनची जुनी २००-५०० एफ ५.६ त्याच्या बॉडीवर ऑटोफोकससकट चालते, आणि क्रॉप सेन्सरमुळे तिच्यातून ७५० चं दृश्य दिसतं. लोक मिररलेसकडे वळतायत म्हणून ती सेकंडहँड बाजारात बऱ्यापैकी दिसते. या फॉरवर्डचा झाला तर एवढाच उपयोग. जड आहे, सव्वादोन किलोच्या वर, तेव्हा मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) घ्यावा लागेल. आधी शनिवार-रविवार भाड्याने आणून बघावी, खांदा काय म्हणतो ते कळेल. पुढे कधी मिररलेस घेतलाच, तर अडॅप्टरवर तीच लेन्स चालेल.

लेन्सपेक्षाही आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं. ओहोटीला फ्लेमिंगो खाडीच्या चिखलावर दूरवर पांगलेले असतात. भरतीचं पाणी चढलं की तो चिखल बुडतो आणि ते नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींत जवळ येऊन टेकतात. ओहोटीला दुपारी बाराच्या उन्हात गेलात, तर तापलेल्या हवेच्या लहरींतून कुठलीही लेन्स धारदार फोटो देणार नाही, फुलफ्रेमवर लावा नाहीतर कशावरही.

सेकंडहँड लेन्स बघताना मागची-पुढची टोपणं काढायची, छिद्र पूर्ण उघडायचं, आणि मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून तिरकं बघायचं. धुळीचे चार कण चालतील. कोळिष्टकासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. झूम पूर्ण फिरवून बघायचा, फोकस जवळून लांब चार वेळा पळवायचा, आवाज ऐकायचा. सिरियल नंबर बिलाशी ताडायचा. विकणारा म्हणाला “बिल घरी राहिलं”, तर घरून आणा म्हणायचं आणि तोवर पैसे द्यायचे नाहीत.