शिवी दिली नाही, म्हणून राहू द्यायचं?

जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांचा एक छोटा ऑनलाइन ग्रुप मी सहा वर्षं सांभाळतोय. चार-साडेचारशे माणसं. कुठला व्हॉल्व्ह गेला, कुठला कपॅसिटर फुगला, डायलची दोरी कशी ओवायची, याच्या पलीकडे आमचा विषय जात नाही. इथे कसला आलाय द्वेष, असं मला वाटायचं. म्हणून नियम एकच ठेवला होता: भाषा सभ्य ठेवा.

त्याच नियमाने घात केला.

एक सभासद होते. कामात पक्के, नुसत्या फोटोवरून बिघाड सांगायचे. कधी शिवी नाही, कधी अरेतुरे नाही. फक्त दर आठ-दहा दिवसांनी एखादी कॉमेंट पडायची, 'त्या लोकांच्या हातचं काम दिसतंय, सोल्डरिंगवरूनच कळतं.' पुढे हसरा चेहरा. कोणी हटकलं की, 'अहो गंमत केली, एवढं काय मनाला लावून घेता.' एका बाईंनी पहिल्यांदाच स्वतः सुरू केलेल्या रेडिओचा फोटो टाकला, तर यांचा प्रश्न, 'घरात पुरुषमाणूस नव्हता का कोणी?' नुसतं विचारलं हो! रिपोर्ट यायचे. मी कॉमेंट वाचायचो, मग नियम वाचायचो. शिवी आहे का? नाही. मग राहू दे.

शेवटी 'त्या लोकां'पैकीच एक तरुण सभासद भडकला आणि त्याने यांना अस्सल शिवी हासडली. नियम मोडला. मी त्याला सात दिवस म्यूट केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, आणि दोर माझ्या हातात होता. सात दिवस संपले, तो काही परत आला नाही.

नंतर एका रविवारी बसून जुन्या पोस्टी चाळल्या. आधी नियमित लिहिणारी आणि आता गप्प झालेली माणसं शोधत होतो. त्या बाई केव्हाच गेल्या होत्या. आणखीही काही. एकानेही भांडण केलं नव्हतं, तक्रार लिहिली नव्हती. उठून गेले, बस. ॲडमिनला जाणाऱ्याचा आवाज येत नाही, हे मला तेव्हा कळलं. राहणारा मात्र रोज दिसतो, मदत करतो, ओळखीचा होतो. एकाला काढलं तर ग्रुप फुटेल, हा हिशोब मी करत होतो. ग्रुप आधीच फुटत होता, फक्त दुसऱ्या टोकाने.

हा प्रश्न आजचा नाही. १९९३ मध्ये 'लॅम्डामू' नावाची, फक्त मजकुरावर चालणारी एक आभासी दुनिया होती. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रातल्या संगणकावर ती चालायची. तिथे 'मिस्टर बंगल' नावाच्या पात्राने एक प्रोग्रॅम वापरून इतरांच्या पात्रांच्या नावे अत्यंत हिंसक, लैंगिक कृत्यं सगळ्यांसमोर लिहिली. त्याच्या आधीच तिथल्या चालकांनी (त्यांना 'विझर्ड' म्हणत) जाहीर करून टाकलं होतं की आम्ही फक्त तांत्रिक काम बघणार, माणसांची भांडणं तुमची तुम्ही मिटवा. मग सभा भरली, तासन्‌तास चर्चा झाली, निर्णय शून्य. अखेर एका विझर्डने एकट्यानेच ते पात्र पुसून टाकलं. पुढे अर्ज आणि मतदानाची पद्धत आली. मला महत्त्वाचं वाटतं ते १९९६ मधलं. चालकांनी कबूल केलं की सामाजिक निर्णयांपासून अंग काढून घेणं आम्हाला जमलेलंच नाही, आणि सूत्रं पुन्हा हातात घेतली. जग चालवणाऱ्यांना काखा वर करता आल्या नाहीत, तिथे आम्ही रेडिओवाले कोण?

'काढलं तर दुसरीकडे जाऊन तेच करतील' हा आक्षेप मला ठरलेला ऐकू येतो. याचं थोडंफार मोजमाप झालेलं आहे. रेडिट या चर्चेच्या वेबसाइटने २०१५ मध्ये लठ्ठ माणसांचा आणि कृष्णवर्णीयांचा द्वेष करणारे दोन समूह बंद केले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की त्यातली बरीच खाती रेडिट सोडून गेली, आणि जी राहिली त्यांच्या लिखाणातली द्वेषाची भाषा किमान ८० टक्क्यांनी घटली. ज्या दुसऱ्या समूहांत ती गेली, तिथेही द्वेष लक्षणीय वाढला नाही. उलट बाजूही सांगतो. रेडिटवरून हद्दपार होऊन स्वतःची वेगळी वेबसाइट काढणाऱ्यांवर पुढे एक अभ्यास झाला. तिथे गर्दी कमी झाली, नवे लोक येणं कमी झालं, पण जे उरले त्यांच्यात काही ठिकाणी विखार वाढल्याची चिन्हं दिसली. म्हणजे बॅन हे औषध नव्हे. जगातला द्वेष संपवण्याचा ठेका माझ्या ग्रुपने घेतलेलाही नाही. नव्याने फोटो टाकणाऱ्या बाईंना पुरुषमाणसाची चौकशी ऐकावी लागू नये, एवढंच माझं क्षेत्र.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याबद्दल एवढंच, की माझ्या ग्रुपमधून बाहेर पडलेल्या माणसाला नवा ग्रुप काढायला पाच मिनिटं लागतात.

तर आता आमचा नियम बदललाय. 'तुझं सोल्डरिंग भिकार आहे' चालेल. ऐकणाऱ्याला लागेल, पण तो उद्या चांगलं सोल्डरिंग करू शकतो. 'तुमच्या लोकांचं असंच' चालणार नाही, कितीही गोड शब्दांत म्हटलं तरी, कारण त्यावर त्याने काय सुधारायचं? 'गंमत केली' हे उत्तर आम्ही ऐकून घेतो आणि कॉमेंट तरीही काढतो. कॉमेंट काढली हे तिथेच एका ओळीत लिहितो, म्हणजे जिच्यावर ती होती तिला कळतं की कोणीतरी बघितलं. त्यावर जाहीर खटला चालवत नाही. द्वेषाच्या कॉमेंटखाली दोनशे उत्तरं जमवण्याइतकी त्या कॉमेंटची दुसरी सेवा नाही. आणि ज्याला लागलं त्यालाच 'नेमकं काय चुकलं ते समजावून सांगा' म्हणत नाही. आधी सांगायचो. केवढी क्रूर गोष्ट होती ती.

पण खरी अडचण नियमाची नव्हतीच, ओळखीची होती. त्या गृहस्थांनी मला स्वतः एक दुर्मीळ ट्रान्सफॉर्मर मिळवून दिला होता. मोठ्या कंपन्यांत निर्णय घेणाऱ्याला समोरचा माणूस माहीत नसतो, छोट्या ग्रुपात तो माहीत असतो आणि उपकारकर्ताही असतो. म्हणून आता ज्याच्याशी माझी मैत्री, त्याच्याविरुद्धचा रिपोर्ट मी बघत नाही, दुसरी मॉडरेटर बघते. तिच्या मित्रांचे माझ्याकडे.

त्यांना काढायच्या आधी मी इनबॉक्समध्ये लिहिलं होतं. चुकलं म्हणाले असते तर ठेवलं असतं. एक जण खरंच म्हणाला होता, वर्षभरापूर्वी, आणि आजही आहे ग्रुपात, कोणाला आठवतही नाही. यांचं उत्तर आलं, 'चुकलं असेल, पण खरं ते खरंच ना?' त्यांना काढलं. दोन महिन्यांनी नव्या नावाने एक खातं आलं. ट्रान्सफॉर्मरबद्दल इतकी अचूक माहिती देणारा दुसरा कोण असणार? अजून तरी फक्त रेडिओबद्दलच बोलतंय. आम्ही दोघं मॉडरेटर महिनाभर यावर वाद घालतोय, आणि आमचं अजून ठरलेलं नाही.