"पाळकाला कसला थकवा?" असं विचारणाऱ्यांसाठी

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. म्हणे पाळकाची, म्हणजे चर्चच्या पास्टरची, नोकरी सगळ्यात आरामाची, रविवारी दोन तास बोलायचं, राहायला फुकट बंगला, विदेशातून पैसा, आणि एवढं असून "थकलो" म्हणणारा पाळक म्हणजे विश्वासात कच्चा, खऱ्या सेवकाला थकवा येतच नाही. माझे भाऊजी पास्टर आहेत आणि ताई त्याच ग्रुपवर आहे. तिनं वाचलं, काहीच बोलली नाही. म्हणून मीच लिहितो.

दोन तास? अहो तो रविवारचा संदेश तयार करायलाच आठवड्यातल्या किती रात्री जातात ते ताईला विचारा. मेडिकल हॉस्पिटलला कोणी ॲडमिट, मेयो हॉस्पिटलला कोणी सिरीयस, रात्री दोनला फोन. नवराबायकोची भांडणं मिटवायची, बाप्तिस्म्याचा दाखला अर्जंट पाहिजे, चर्चच्या जागेची कोर्टाची तारीख, तिथंही पाळकच. मे महिन्यात ४५ डिग्रीत भरदुपारी झगा घालून कबरस्तानात उभं राहून बघा एकदा. आणि ज्या घरी सकाळी माती दिली तिथून उठून संध्याकाळी दुसऱ्याच्या वाढदिवसाच्या प्रार्थनेला हसत जायचं, हे तर कोणी कामात धरतच नाही.

विदेशी पैसा! १८४५ ला स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपूरला आले तो मिशनचा जमाना गेला. २०२० पासून कायद्यानं बाहेरच्या देणगीचा प्रत्येक रुपया आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उतरतो, तो काही पाळकाच्या खिशात येत नाही. आमच्याकडे पगार निघतो तो मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, वर्गणीतून, आणि तीही वेळेवर येत नाही. हां, हिशेबात घोळ करणारे, मंडळीकडे ढुंकून न बघणारे पाळकही असतात, ते मी नाकारत नाही, मंडळीनं हिशेब मागावाच. बंगला म्हणाल तर रिटायर झाले की चावी परत द्यायची.

पण सगळ्यात वाईट ती शेवटची ओळ, विश्वासात कच्चा. हे लिहिणाऱ्यानं बायबलमधलं १ राजे १९ उघडलंय का कधी? कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया रानात झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला विश्वासावर लेक्चर देतो का? नाही, झोपू देतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, परत झोपू देतो, परत उठवून खाऊ घालतो आणि म्हणतो की तुला वाट फार लांबची आहे. देवानं आपल्या संदेष्ट्याला झोप आणि जेवण दिलं आणि आपण आपल्या पाळकाला टोमणे देतो! डब्ल्यूएचओनंही २०१९ मध्ये बर्नआउट, म्हणजे पार गळून जाणं, कामाच्या ताणातून येतो असंच सांगितलंय, विश्वासाचा त्यात काय संबंध. अशा फॉरवर्डमुळे होतं काय, तर पाळक गप्प बसतो. झोप येत नाही हे कमिटीला सांगायचं कसं, उद्या तीच कमिटी बदलीची मागणी करेल. डॉक्टरकडे जायचीही लाज वाटते, मंडळीतलं कोणी बघेल म्हणून. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोन लाईन आहे, १४४१६, फुकट आहे, नाव न सांगता बोलता येतं, एवढं तरी त्या ग्रुपवर टाका.

मोशेलासुद्धा सासऱ्यानं, इथ्रोनं, हेच सांगितलं होतं, की एकट्यानं सगळं करशील तर झिजून जाशील, माणसं नेम, काम वाटून दे, निर्गम १८. मग आपणही वाटून घेऊ ना. सोमवार पाळकाची सुट्टी. त्या दिवशी फोन कमिटीच्या माणसाकडे, दवाखान्याच्या भेटी मंडळीतल्या लोकांकडे. हॉलचं बुकिंग आणि दाखले सेक्रेटरीकडे, पाळकांना फोन करायचाच नाही. ताईला न विचारता तिच्या गळ्यात संडे स्कूल आणि महिला मंडळ टाकायचं नाही. पुढच्या कमिटी मीटिंगला मी हे मांडतोय, सोमवारच्या भेटींच्या यादीत माझं नाव पहिलं लिहा, आणि फॉरवर्ड टाकणाऱ्या काकांनी दुसरा सोमवार घ्यावा.